छतावरील पर्जन्यजल संकलन व भूजल पुनर्भरण (कोरेगाव परिसर)

छतावरील पर्जन्यजल संकलन व भूजल पुनर्भरण म्हणजे इमारतींच्या गच्च्या, कौले आणि पत्रे यांवर पडणारे पावसाचे पाणी पन्हळी व नळांतून एकत्र आणून, गाळून, विहीर, विंधन विहीर किंवा शोषखड्डा यांच्या वाटे जमिनीखालील खडकात मुरवण्याची पद्धत होय. पाणी साठवून वापरणे हा संकलनाचा एक प्रकार असून पाणी जमिनीत मुरवणे हा दुसरा. शहरी भागात रस्ते, फरश्या आणि बांधकामे यांमुळे पाऊस मुरण्यास उघडी जमीन फारशी उरत नाही. म्हणून तेथे दुसऱ्या प्रकाराला विशेष महत्त्व आले आहे.

या लेखात सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण व त्याचा परिसर यांच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे. पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा आणि सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील कोरेगाव ही गावे वेगळी आहेत.

संज्ञा

'पर्जन्यजल संकलन' हा शासकीय व्यवहारातील रूढ शब्द आहे. 'पाऊसपाणी साठवण', 'जलपुनर्भरण' आणि इंग्रजीवरून आलेला 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' हे शब्दही वापरात आहेत. 'संकलन' व 'पुनर्भरण' हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. ते योग्य नाही. गच्चीवरचे पाणी टाकीत साठवले तर संकलन होते, पुनर्भरण होत नाही. शेतातला बांध पाणी मुरवतो, म्हणजे पुनर्भरण करतो. तेथे छताचे संकलन नसते.

छतावरच्या पाण्यासाठी मराठीत जुने आणि नेमके शब्द आहेत. छपराचा सर्वांत उंच भाग म्हणजे आढे. भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड म्हणजे वळचण. त्या कडेवरून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. आणि त्या धारा झेलून एका बाजूला नेणारी नाळ म्हणजे पन्हळ. उलटा क्रम घडल्यास 'वळचणीचे पाणी आढ्याला गेले' असे म्हणतात. पागोळ्यांखाली घंगाळ, हंडे मांडून पाणी धरणे ही पावसाळ्यातली घरोघरची रीत होती. आजच्या संकलन यंत्रणेचे मूळ तत्त्व त्याहून निराळे नाही; फरक आहे तो प्रमाणाचा आणि पाणी पुढे कोठे जाते याचा.

कोरेगावचा पाऊस

सातारा जिल्ह्यातील पर्जन्यमानाची तफावत महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच आढळते. पश्चिमेस महाबळेश्वर येथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या पुढे पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिलिमीटरांवर येतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पूर्वेकडचा प्रदेश पर्जन्यछायेत सापडतो. कोरेगाव या दोन टोकांच्या मध्ये असले, तरी पावसाच्या दृष्टीने ते महाबळेश्वरपेक्षा माणच्या पुष्कळ जवळचे आहे.

तालुक्याच्या पश्चिम कडेने कृष्णा वाहते. वसना ही तिची उपनदी तालुक्याच्या उत्तर भागातून येते, तर तिळगंगा कोरेगाव शहरातून जाते. कृष्णाकाठचा व कालव्याखालील भाग बागायती आहे. उत्तर कोरेगाव मात्र दीर्घकाळ टंचाईग्रस्त राहिला असून तेथील वाघ्या घेवडा हे नावाजलेले पीक मुख्यतः खरिपाच्या पावसावर येते. एकाच तालुक्यात उसाचे मळे आणि पाण्याचे टँकर दोन्ही दिसतात ते यामुळे.

वर्षभराच्या पावसाचा मोठा हिस्सा थोड्या दिवसांत, थोड्या जोरदार सरींत पडून जातो. रानात अशा सरीचे काही पाणी मातीत जिरते. शहरात ते गच्चीवरून अंगणातल्या फरशीवर, तेथून रस्त्यावर, गटारात व अखेर नदीत जाते. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी तुंबणे आणि उन्हाळ्यात विंधन विहीर आटणे या दोन्ही तक्रारी एकाच वस्तीतून येतात, त्यामागे बव्हंशी हेच कारण असते.

खडक आणि पाणी

कोरेगावखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हाच्या उद्रेकांतून थरावर थर साचून हा खडक तयार झाला. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग त्याने व्यापलेला आहे. वाळूच्या किंवा नदीगाळाच्या प्रदेशात कणाकणांमधील पोकळीत पाणी राहते, तसे येथे होत नाही. अखंड पाषाणात पाणी शिरत नाही. ते शिरते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत.

विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर नावानिशी ठाऊक असतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक. त्याखाली कोठे पांढऱ्या ठिपक्यांचा, तुलनेने मऊ मांजऱ्या लागतो, तर कोठे सलग पाषाण. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पातळ थर सापडतो. तो पाणी खाली जाऊ देत नसल्याने त्याच्यावर पाणी साचून झरा फुटू शकतो. काही ठिकाणी जमिनीतून उभी गेलेली पाषाणाची भिंत, म्हणजे डाइक, पाण्याची वाट अडवते. परिणामी एकमेकांना लागून असलेल्या दोन भूखंडांवर एकाच मापाचे दोन शोषखड्डे केले, तर एक तासाभरात रिता होतो आणि दुसऱ्यात आठवडाभर पाणी दिसते.

या खडकाची साठवणशक्तीही मर्यादित आहे. भूजलाच्या मूल्यमापनात झिजलेल्या बेसाल्टसाठी आकारमानाच्या साधारण २ टक्के एवढीच उपलब्ध पोकळी धरतात. त्या हिशेबाने एक हेक्टर जमिनीखाली पाण्याची पातळी एक मीटरने वाढवण्यास २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी पुरते. यातून दोन गोष्टी निघतात. थोड्या घरांच्या छतांवरचे पाणीही परिसरातील विहिरींची पातळी जाणवण्याइतकी वाढवू शकते, ही जमेची बाजू. दुसरी बाजू अशी की हे भांडे लवकर भरते आणि लवकर रिते होते. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत उथळ खडक तुडुंब भरला, तर त्यानंतर मुरवलेले पाणी झऱ्यांवाटे ओढ्यात निघून जाते. म्हणून कोरेगावसारख्या ठिकाणी केवळ पुनर्भरण पुरेसे नसते. शक्य तेथे टाकीतील साठवणीची जोड द्यावी लागते.

छतावरील पाण्याचा हिशेब

छताचे क्षेत्रफळ, पाऊस आणि वाहून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण यांचा गुणाकार केला की हाती येऊ शकणारे पाणी कळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शालेय गणितातील हे साधे समीकरण फार उपयोगाचे आहे. छत १०० चौरस मीटरांचे आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर छतावर ६०,००० लिटर पाणी पडते. बाष्पीभवन, उडालेले शिंतोडे आणि सुरुवातीचे टाकून दिलेले पाणी वजा जाता त्याचे ८० टक्के, म्हणजे ४८,००० लिटर मिळू शकते. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण मानतात. त्यानुसार चार माणसांच्या कुटुंबाला हे पाणी जवळजवळ तीन महिने पुरते.

वर उल्लेखिलेले दोन लाख लिटर अशा चार छतांवरून जमतात. अर्थात मुरलेले पाणी भूखंडाच्या कुंपणाखाली थांबत नाही. ते उताराकडे सरकते आणि शेजाऱ्याच्या विंधन विहिरीतही जाते. खर्च एकाचा आणि लाभ अनेकांचा अशी ही गोष्ट असल्यामुळे एकट्या घरमालकाचा उत्साह लवकर मावळतो. आळीतील सर्वांनी मिळून केलेले काम तुलनेने टिकते.

यंत्रणेची रचना

छतावरचे पाणी एका किंवा अधिक उभ्या नळांतून खाली आणतात. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी धूळ, पाला व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते वळवून बाहेर सोडण्यासाठी झडप किंवा वेगळी तोटी ठेवतात. त्यानंतरचे पाणी गाळणीतून जाते. गाळणीच्या टाकीत किंवा खड्ड्यात तळाशी मोठे दगड, त्यावर बारीक खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असा क्रम असतो. वाळू वर ठेवण्याचे कारण असे की गाळ वाळूच्या थरातच अडकतो आणि तेवढाच थर काढून धुता येतो. क्रम उलटा झाला तर गाळ खोलवर जाऊन बसतो व सारा खड्डा उपसावा लागतो. छतावरील संकलनासाठी भारतीय मानक ब्युरोचे १५७९७ क्रमांकाचे मानक (२००८) उपलब्ध आहे.

गाळलेले पाणी जमिनीत सोडण्याचे मार्ग जागेप्रमाणे बदलतात. शोषखड्डा सामान्यतः एक ते दोन मीटर रुंद व दोन ते तीन मीटर खोल असतो. काळ्या मातीच्या जागी त्याचा तळ मातीतच राहिला तर खड्ड्याचा काही उपयोग होत नाही, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातील वाटा बंद होतात. खड्डा मुरुमापर्यंत पोचलाच पाहिजे. फुगणाऱ्या मातीमुळे पायाला तडे जाऊ नयेत म्हणून तो इमारतीपासून काही मीटर दूर घेतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद व अडीच मीटर खोल खड्ड्याचे आकारमान १० घनमीटर होते. पण दगडांनी भरल्यावर पाण्यासाठी त्यात अंदाजे ४ घनमीटर जागा उरते. १०० चौरस मीटर छतावर ५० मिलिमीटरांची एक सर आली, तर तेवढ्यानेच तो भरतो. मुरूम चांगला नसेल तर दुसऱ्या सरीचे पाणी वाहून जाते. खड्ड्याचे माप भूखंडाच्या क्षेत्रफळावरून नव्हे, तर जमीन पाणी किती वेगाने पिते हे पाहून ठरवणे अधिक योग्य. त्यासाठी खड्डा खणल्यावर त्यात पाणी भरून ते किती वेळात उतरते ते पाहण्याची साधी चाचणी पुरते.

आवारात जुनी विहीर असल्यास ती पुनर्भरणाचे सर्वांत सोयीचे साधन ठरते. ती मुरूम आणि भेगाळलेला खडक दोन्ही छेदून गेलेली असते आणि तिच्यातील पाणी डोळ्यांना दिसते. विंधन विहिरीत पाणी सोडताना अधिक काळजी घ्यावी लागते. गाळणीविना सोडलेले गढूळ पाणी भेगा बुजवते आणि एकदा बुजलेली भेग मोकळी करणे कठीण असते. रस्त्यावरचे, वाहनतळाचे किंवा गोठ्याजवळचे पाणी तेल, मलमूत्र आणि जंतू घेऊन येते, म्हणून ते थेट विहिरीत किंवा विंधन विहिरीत सोडू नये. शौचालयाच्या शोषखड्ड्यापासूनही पुरेसे अंतर राखावे लागते. ज्या वस्तीत भुयारी गटार नाही तेथे हा मुद्दा गंभीर आहे. भेगाळलेल्या खडकात घाण पाणी गाळले न जाता दूरवर पोचू शकते.

जुनी जलव्यवस्था

सातारा परिसरात पावसाचे व झऱ्याचे पाणी वस्तीजवळ धरून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. एकाच वेळी बारा मोटा चालवता याव्यात अशी योजना असल्याने तिला हे नाव पडले. कराडची नकट्या रावळाची विहीर तिच्याहून जुनी मानतात. सातारा शहरात मंगळवार तळे, मोती तळे, फुटके तळे यांसारखी तळी वस्तीच्या आत होती. अशा तळ्यांचे पाणी वापरले जाई, शिवाय ते झिरपून खालच्या आळ्यांतील आडांना मिळे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने हौदांपर्यंत पाणी आणले गेले.

वाड्यातील आड हा या व्यवस्थेचा सर्वांत लहान घटक. दारी नळ आल्यावर आडांचे महत्त्व सरले आणि ठिकठिकाणी ते कचऱ्याने बुजवण्यात आले. पुनर्भरणाच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे, कारण छतालगत आयती खणलेली, खडकापर्यंत पोचलेली वाट त्यामुळे बंद झाली. बुजलेला आड उपसून, कठडा व जाळी बसवून, गाळलेले पाणी त्यात सोडणे नवी विंधन विहीर घेण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

कोरेगाव तालुक्यातील लोकसहभाग

पाणी फाउंडेशन या संस्थेने २०१६ साली 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही गावागावांतील स्पर्धा प्रथम घेतली, तेव्हा राज्यातील तीनच तालुके निवडले होते: अमरावती जिल्ह्यातील वरूड, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगाव. ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस दिवस श्रमदान करून मृद् व जलसंधारणाची कामे करायची असे स्पर्धेचे स्वरूप होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू या गावाने पहिला क्रमांक मिळवला. ५० लाख रुपयांच्या या पारितोषिकामुळे वेळूचे नाव राज्यभर पोचले.

ही कामे ग्रामीण होती: डोंगरउतारावर सलग समतल चर, ओढ्यावर बांध, शेतात बांधबंदिस्ती. तत्त्व 'माथा ते पायथा' हे होते, म्हणजे पाणी प्रथम डोंगरमाथ्यावर अडवायचे व मग क्रमाने खाली यायचे. शहरी पुनर्भरणाशी त्यांचा संबंध दुहेरी आहे. खोऱ्याच्या वरच्या भागात मुरलेले पाणी खालच्या वस्त्यांच्या विहिरींना उपयोगी पडते, हा एक संबंध. दुसरा तुलनेचा आहे. गावात गायरान व ओढा सर्वांचा, म्हणून कामही सामुदायिक झाले. शहरात छत प्रत्येकाचे स्वतंत्र असते आणि सामाईक असतो तो खाली, नजरेआड असलेला खडक. ग्रामसभेत जे मान्य होते, ते गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मान्य करून घेणे कठीण जाते असा सार्वत्रिक अनुभव आहे.

कायदे व नियम

मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक करण्यात आले. तमिळनाडूने २००३ साली राज्यभर सर्व इमारतींना ते सक्तीचे केले. चेन्नईतील टंचाई हे त्यामागचे तातडीचे कारण होते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना ही यंत्रणा आवश्यक आहे. मुंबई व इतर काही क्षेत्रे वगळता ही नियमावली राज्यातील महापालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांना लागू असल्यामुळे कोरेगाव नगरपंचायतही तिच्या कक्षेत येते. पुणे महापालिकेसारख्या काही संस्था मालमत्ता करात सवलत देतात.

लहान शहराच्या बाबतीत ५०० चौरस मीटरांची ही मर्यादा अडचणीची आहे. जुन्या गावठाणातील घरे आणि नव्या वसाहतींतील दोन-तीन गुंठ्यांचे भूखंड तिच्याखाली राहतात, आणि शहराच्या छतांचा मोठा वाटा नेमका तेथेच असतो. जेथे नियम लागू होतो, तेथेही तपासणी बहुतांशी भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी एकदाच होते.

भूजलाच्या उपशासाठी वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. ६० मीटरांहून खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. त्याखालील नियमांचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उपसा आणि पुनर्भरण यांचा विचार एकत्र व्हावा ही या कायद्यामागील भूमिका असली, तरी बांधकामाची परवानगी एका कार्यालयाकडे आणि भूजलाची नोंद दुसऱ्याकडे अशी विभागणी व्यवहारात कायम आहे.

मर्यादा

खोल विंधन विहिरींमुळे पुनर्भरणाचा लाभ अंशतः निष्फळ ठरतो. खोल गेलेले छिद्र वरच्या थरातील पाणी खालच्या भेगांत उतरवते आणि शेजारच्या उथळ विहिरी कोरड्या पडतात. अशा ठिकाणी छतावरचे सारे पाणी मुरवूनही आडाची पातळी वाढलेली दिसत नाही.

दुसरी मर्यादा देखभालीची. गाळणीतील वाळू दर वर्षी मृगापूर्वी काढून धुवावी लागते, गच्ची झाडावी लागते, पन्हळीतील पाला काढावा लागतो. एखाद-दोन पावसाळे हे काम झाले नाही की वाळूवर गाळाची साय धरते आणि पाणी पूर्ववत गटाराला लागते. यंत्रणा कागदोपत्री मात्र चालू राहते.

यंत्रणेचा उपयोग झाला की नाही हे केवळ पातळीच्या नोंदीवरून कळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या विहिरी मुख्यतः ग्रामीण भागांत असल्याने शहरातील एका आळीचे चित्र त्यांतून मिळत नाही. ते मिळवण्यासाठी आळीतलीच एखादी विहीर निवडून मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दगड बांधलेली दोरी पाण्यापर्यंत सोडून अंतर मोजतात. मोजणी काठावरच्या एकाच खुणेपासून करावी लागते व आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवावा लागतो. त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहिला नाही, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही.